पोत्यावरची शुभाताई

"भेव नावाले नव्हतं पोट्टीले," कौशल्याबाई म्हणाल्या आणि सुपातला खडा वेचून अंगणात भिरकावला. शेजारी बसलेल्या बाईने लगेच दुजोरा दिला. "लहानी होती तवापासून. त्या वर्षी धामण निघाली तं आम्ही समदे घरात, आन् हे एकटी बाहीर उभी."

शुभाताई, ती धामण मलाही आठवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी कोंढ्याला आले होते. तू बाहेर उभी होतीस हे खरं, पण तुझे पाय हलत नव्हते म्हणून. मी खिडकीच्या गजांतून पाहत होते. तू डोळे घट्ट मिटून घेतले होतेस. धामण आपल्या वाटेने तणसाच्या ढिगात निघून गेली, आणि मामा काठी घेऊन धावत आला तोवर तू डोळे उघडून कमरेवर हात ठेवले होतेस. सगळ्यांनी पाहिलं ते कमरेवरच्या हातांपासून पुढचं.

परवा तुझ्या तेरवीच्या सकाळी त्या बायकांमध्ये तांदूळ निवडत बसले असताना मी हे आठवत होते. बोलले नाही. मी कुठेच बोलत नाही, हे तुला माहीत आहे. आमच्या घरात पाहुणे आले की मी आतल्या खोलीत जाते आणि पडद्याच्या फटीतून सगळ्यांच्या चपला ओळखत बसते. तू मला त्यावरून चिडवायचीस. "बारके, तू पोलिसात जा. चोर सापडन, पण त्याले पकडाले दुसरं कोणी पाठवाव लागन."

तुझी पदकं, तुझं वय, तुझा ताप, सगळं पेपरात छापून आलं आहे. ते मी इथे लिहिणार नाही. सगळीकडे तोच एक फोटो होता. पट्टी बांधलेली मूठ कपाळाला टेकवून तू डोळे मिटून उभी आहेस. गेल्या काही वर्षांत तो फोटो मी इतक्या ठिकाणी पाहिला की तुझा खरा चेहरा आठवायला कधी कधी मला डोळे मिटावे लागतात. पवनीच्या सोनाराच्या फलकावर होता. ऑटोच्या मागच्या काचेवर होता. लग्नाच्या बॅनरवर नवरानवरीच्या वरच्या कोपऱ्यात, देवांच्या रांगेत होता. अड्याळच्या मिलवाल्याने तर तो तांदळाच्या पोत्यावरच छापला, खाली मोठ्या अक्षरांत 'मुक्का छाप'. ज्यांनी आयुष्यात बॉक्सिंगची एक फेरी पाहिली नाही त्यांच्याही स्वयंपाकघरात तू पोचलीस.

मग पोती रिकामी झाली. तू कोणाच्या न्हाणीच्या खिडकीला लागलीस, कोणाच्या ट्रॅक्टरच्या सीटवर बसलीस. थंडीत शेजारच्यांनी बकरीला पोत्याचा कोट शिवला आणि तू बकरीच्या पाठीवरून गावभर फिरलीस. मला ते बघवत नव्हतं. तू मात्र ओट्यावर बसून पोट धरून हसलीस. "बकरी माझ्याहून चांगली दिसून राहिली. वजनही माझ्याच गटातलं हाय."

आणि नवरात्रातली ती देवी. मंडळाने तिच्या एका हातात लाल हातमोजा घातला होता. म्हाताऱ्या माणसांनी नाकं मुरडली, पोरांनी ऐकलं नाही, आणि शेवटी तुलाच आरतीला बोलावलं. तू हात जोडून बराच वेळ देवीकडे पाहत राहिलीस. मला वाटलं तुझं मन भरून आलं असेल. परत येताना तू माझ्या कानाशी म्हणालीस, "गार्ड खाली हाय तिचा. पहिल्याच राउंडमध्ये पडन."

ताई, तुझ्याबरोबर हसणं सोपं होतं. म्हणूनच बहुतेक पुढचं सगळं मी टाळत आले.

लोक म्हणायचे, ती कपाळाला मूठ लावते म्हणजे मातीला नमस्कार करते. कोणी म्हणायचं, शपथ घेते. एका भाषणात मी ऐकलं की ती मूठ म्हणजे विदर्भाच्या लेकीचा निर्धार आहे. ती मूठ काय होती हे तुझ्याशिवाय एकट्या मला माहीत होतं. भीतीने हात थरथर कापायचा तेव्हा तू तो कशावर तरी दाबून धरायचीस. भिंत असली तर भिंतीवर, माझी मांडी असली तर मांडीवर. रिंगमध्ये काहीच नसतं, म्हणून कपाळावर.

मला ते कळलं अड्याळच्या त्या जुन्या गोडाऊनमध्ये. सर तिथे तुम्हाला शिकवायचे. धानाचा कोंडा ठासून भरलेलं पोतं आढ्याला टांगलेलं असायचं, मुक्का बसला की शिवणीतून कोंडा उडायचा आणि सगळ्यांच्या पापण्यांवर बसायचा. मी सुट्टीत तुझ्यामागे यायचे आणि कोपऱ्यात पुस्तक उघडून बसायचे. सरांचा नियम होता की ज्याने त्याने आपल्या हाताची पट्टी आपणच बांधायची. पहिल्या स्पर्धेच्या दिवशी तू माझ्यासमोर येऊन बसलीस, दोन्ही हात पुढे केलेस, बोटं फाकवलीस आणि मोठ्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "माझ्यावाली पट्टी बारकी बांधन. तिच्या हातचा शकुन हाय."

मला पट्टी बांधता येत नव्हती. तू हळू आवाजात सांगत गेलीस. अंगठ्यात फास, मग मनगटाला वेढे, मग मुठीवरून, मग एकेका बोटाच्या फटीतून. मी तुझा हात धरला आणि मला वाटलं एखादं पाखरू धरलंय. इतका तो कापत होता. मी वर पाहिलं. तू माझ्याकडे पाहत नव्हतीस. "घट्ट ओढ," एवढंच म्हणालीस. मी ओढली. मग वेढ्यागणिक तो हात शांत होत गेला. त्या दिवसापासून जिथे जिथे मला येता आलं तिथे दाराआड तू ओकताना बादली मीच धरली आणि मग पट्टीही मीच बांधली. सरांना अजूनही वाटतं तो शकुन होता.

पेपरातला तो फोटो ज्या लढतीचा आहे तिथे मी नव्हते. माझी परीक्षा होती. तू आदल्या दिवशी फोन केलास, अभ्यास झाला का विचारलंस, जेवण काय होतं ते सांगितलंस, आणि तरी फोन ठेवला नाहीस. शेवटी मीच ठेवला. तू जिंकून आलीस, जिल्ह्याच्या वेशीपासून मिरवणूक निघाली, आणि त्या फोटोतली पट्टी मनगटाशी सैल बसलेली मी लगेच ओळखली. आता ती सैल पट्टी घराघरात आहे.

तू माझ्या शाळेत आली होतीस, तो दिवस मी कोणाला सांगितलेला नाही. भंडाऱ्याची आमची इंग्रजी शाळा, नवं सभागृह, आणि प्रमुख पाहुणी माझी मामेबहीण. मी मैत्रिणींना मोठ्या तोंडाने सांगून बसले होते, आणि मग मला घाम फुटला. कारण बाईंनी माझ्या नावाची चिठ्ठी तुझ्या हातात दिली होती, तू मला स्टेजवर बोलवावंस म्हणून. हजार डोळे. मी मागच्या रांगेत मान खाली घालून बसले. तू माइकवर आलीस, चिठ्ठी पाहिलीस, समोर नजर फिरवलीस. तुझी नजर माझ्यावर आली, थांबली आणि पुढे गेली. मग तू म्हणालीस, "इथे माझी एक बहीण हाय म्हणे. दिसून नाही राहिली. आली नसन आज." सगळे हसले आणि कार्यक्रम पुढे सरकला.

तुला माझी भीती लांबून दिसली आणि तू ती झाकलीस. भर सभेत, एका वाक्यात. त्याचे मी कधी आभार मानले नाहीत. आता ते मनात आणलं की आधी आभार येतात आणि लगेच मागून दुसरी गोष्ट येते, आणि मग आभारांना जागाच उरत नाही.

यंदाचा तान्हा पोळा तुला आठवत असेल. कोंढ्याच्या शाळेच्या पटांगणात पोरं लाकडी नंदी घेऊन आली होती, कोणी शेतकरी, कोणी डॉक्टर, कोणी सैनिक बनून. पूर्वी मुली राण्या बनून यायच्या, देवी बनून यायच्या. यंदा निम्म्या मुली तू बनून आल्या होत्या. मोज्यांत चिंध्या कोंबून हातमोजे केलेले. प्रत्येकीला एक वाक्य म्हणायचं होतं, बाईंनीच लिहून पाठ करून घेतलेलं. "मी शुभांगी. भीती माझ्या ओळखीची नाही." मूठ कपाळाला, टाळ्या, बक्षिसाची पेन्सिल, पुढची शुभांगी. तू पाहुण्यांच्या खुर्चीवर बसून एकेकीला पेन्सिल देत होतीस.

त्यातली एक जण "मी शुभांगी" म्हणून थांबली. पुढचं तिला येत होतं, पण आवाज निघत नव्हता. तिने मोजा डोळ्यांवर दाबला. गर्दीतून तिची आई ओरडली, "शुभाताई रडते का वो कधी?" झालं, पोरगी हमसून रडायला लागली. लोक हसले. वाईट मनाने नाही हसले. मी तुझ्याकडे पाहिलं. तू हसत नव्हतीस.

परत येताना मी तुझ्या मागे गाडीवर होते. दोन्ही बाजूंना शेतांच्या बांध्यांमध्ये धान हिरवागार होता. तू मध्येच गाडी थांबवलीस आणि मागे न बघता म्हणालीस, "पुढच्या कार्यक्रमात मी सांगून टाकीन."

काय सांगशील, मी विचारलं.

"का हात कापतात म्हणून. कायले लपवाचं?"

मी नको म्हणाले. इथेच माझी चूक सुरू होते, ताई, आणि मला ती नीट लिहायची आहे. मी घाईने नकार दिला नाही. विचार करून म्हणाले. लोकांना ते ऐकायचं नाही, असं म्हणाले. गावातल्या मुली घराबाहेर पडतायत त्या तुझ्या त्या फोटोकडे बघून, त्यांच्याकडून तो काढून घेऊ नकोस, असं म्हणाले. तू म्हणालीस, आज जी रडली तिले ऐकाचं होतं. त्यावर मी एक वाक्य बोलले जे मला बोलताना फार छान वाटलं. मी म्हणाले, "ताई, तू आता फक्त तुझी नाहीस."

तू वळून माझ्याकडे पाहिलंस. "मंग कोणाची हाव मी? मिलवाल्याची?"

मला हसू आलं. तुला आलं नाही. तू गाडी सुरू केलीस. "तू शिकलेली हायस. तुले जास्त समजत असन," म्हणालीस. यात टोमणा नव्हता, हेच मला सहन होत नाही. तू खरंच माझं ऐकलंस. त्यानंतरच्या कार्यक्रमात तू उभी राहिलीस, निडर व्हा म्हणालीस, मूठ कपाळाला लावलीस आणि खाली बसलीस.

मी मुलींचं कारण पुढे केलं, पण मुलींसाठी म्हणाले नव्हते. मला स्वतःला एक न घाबरणारं माणूस हवं होतं. मी वर्गात हात वर करत नाही, दुकानात भाव विचारत नाही, बसमध्ये कोणी खेटलं तर उतरून दुसरी बस पकडते. पण 'मुक्का छाप'वाली माझी बहीण आहे, एवढं मनात म्हटलं की मला दिवस काढता यायचा. तुझी थरथर माझ्या हातांना पाठ होती, तरी मला पोत्यावरचीच तू लागत होतीस. बाकीच्यांना माहीत नव्हतं म्हणून ते फसले. मी माहीत असून फोटोच्या बाजूने बोलले.

ताप उतरेना म्हणून तुला नागपूरच्या दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा एक नर्स तुझ्याबरोबर सेल्फी घेत होती. तुझ्या हाताला सलाईन होतं, तरी तू तोच हात कपाळाला लावलास. ती खूश होऊन गेली. मामा-मामी खाटेपाशी होते, सर होते, मंडळाची दोन पोरं दाराशी उभी होती. दुपारी तुला आत न्यायचं होतं, कसल्याशा तपासणीला. वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला. तू माझ्याकडे पाहिलंस आणि चादरीवरून दोन्ही हात पुढे केलेस. तळवे खाली, बोटं फाकवलेली.

मला कळलं. तुला वाटत असेल कळलं नाही, पण त्याच क्षणी कळलं. फक्त ते हात हातात घ्यायचे होते. पट्टी नसली तरी चाललं असतं. पण सगळे बघत होते. मला वाटलं, मी हात धरले तर मामीला कळेल तू घाबरली आहेस, सरांना कळेल, त्या पोरांना कळेल. खरं तर मला वाटलं, सगळे माझ्याकडे बघतील. मी तुझ्या हातांवर चादर नीट केली आणि म्हणाले, "ताई, तू तर शुभांगी आहेस. तुला कसली भीती?"

तू माझ्याकडे पाहत राहिलीस. चिडली असतीस तर बरं झालं असतं. मग तू हसलीस आणि मूठ कपाळाला लावलीस. मंडळातल्या एकाने फोटो काढला. सर म्हणाले, "वाघीण हाय." ती मूठ कोणासाठी होती ते मला माहीत आहे. मी उघडी पडू नये म्हणून होती. शाळेतल्या सभागृहात केलंस तेच तू परत केलंस, आणि स्ट्रेचर आत गेलं.

त्यानंतर आपलं बोलणं झालं नाही.

तेरवीला मांडव भरला होता. भाषणं झाली. प्रत्येकाने निडर म्हटलं. सरांनी माइक माझ्यापुढे धरला, मी मान हलवली, त्यांनी तो पुढे दिला. त्यांना सवय आहे. मामी तुझ्या फोटोशेजारी बसली होती आणि कोणी निडर म्हटलं की तिची पाठ जराशी ताठ व्हायची. मी ते पाहत होते. इतक्या दिवसांत मामीने धड खाल्लं नव्हतं, रडलीही कमी होती. त्या एका शब्दाला धरून ती बसली होती. तो तिच्याकडून कोण काढून घेणार?

पंगती उठत असताना पायलची आई सरांकडे आली. पायल तुझ्या गोडाऊनमधली, आठवीत शिकणारी, जिच्या डाव्या हाताचं तू फार कौतुक करायचीस. बाईंच्या हातात कापडी पिशवी होती. त्यांनी ती सरांपुढे केली. "हे घ्या जी हातमोजे. शुभाताईनंच देल्ले होते, तुमच्यापाशी राहू द्या. आमच्यावालीच्यानं नाही होत."

सरांनी विचारलं, काहून?

"फाईट असली का सकाळपासून पोट धरून बसते. अन्न टिकत नाही. काल स्वतःच म्हणे, आई, शुभाताईले कधी भेव नाही वाटलं, मले वाटते. म्हंजे मी त्यातली नाही." बाईंनी डोळ्याला पदर लावला. "मी कायले जबरदस्ती करू जी? तशी एखादीच असते."

"एखादीच," सर म्हणाले आणि फोटोकडे पाहून पिशवी घेतली.

पायल आईच्या मागे उभी होती. ती रडत नव्हती. हायसं वाटल्यासारखीही दिसत नव्हती. ती फक्त जमिनीकडे बघत होती, आणि तसं बघणं मला चांगलं ओळखीचं आहे. मामी चार हातांवर होती. तिला सगळं ऐकू जात होतं. कौशल्याबाई पत्रावळी गोळा करता करता थांबल्या होत्या.

मी गेले. कशी गेले ते नीट आठवत नाही. सरांच्या हातातली पिशवी धरली, तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मामीनेही मान वर केली. सरांनी विचारलं, काय झालं बेटा? मी पायलकडे पाहिलं आणि बोलले, मांडवाच्या टोकापर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने.

"काकू, पिशवी परत न्या. शुभाताई प्रत्येक फाईटच्या आधी ओकायची. बादली मी धरायचे."